नव्या बँडची मासिकातली जाहिरात: आधी आवाज कळू द्या, नाव मग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चौघांचा नवा बँड आहे: ट्रम्पेट, बेस, ड्रम आणि की-बोर्ड वाजवत गाणारी गायिका. गिटार नाही. गाणी संथ, रात्री उशिरा ऐकावीत अशी. पाच गाण्यांचा पहिला ईपी (पूर्ण अल्बमपेक्षा छोटा संग्रह) येतोय, एका संगीतविषयक मासिकात पूर्ण पानाची जाहिरात ठरली आहे, कच्चा लेआउट तयार आहे, पण त्यात काहीतरी कमी वाटतंय. तर काय वाढवावं?

लेआउट बारकाईने पाहिला. वाढवा म्हणावं असं त्यात मला काही सापडलं नाही, काढा म्हणावं असं मात्र बरंच आहे. विटांच्या भिंतीपुढे उभे चौघे, वर वळणदार अक्षरांत नाव, त्याखाली ‘ताज्या दमाचा, वेगळ्या वाटेवरचा आवाज’, मग पाचही गाण्यांची नावं, गाणी ऐकायच्या चार ॲप्सचे लोगो, तीन समाजमाध्यमांचे लोगो, प्रकाशनाची तारीख आणि उजव्या कोपऱ्यात नखाएवढा क्यूआर कोड. हे सगळं वाचून झाल्यावरही तुमच्या बँडमध्ये ट्रम्पेट आहे याचा पत्ता लागत नाही. मला तो लागला तुमच्या प्रश्नातून.

गाजलेल्या बँडची जाहिरात ही मुळात सूचना असते. नाव टाकलं, तारीख टाकली, काम झालं. ते नाव वाचताच वाचकाच्या डोक्यात त्यांचं एखादं गाणं आपोआप सुरू होतं. नव्या बँडचं तसं नसतं. नाव, चेहरे आणि गाण्यांची शीर्षकं, या तिन्हींतून अनोळखी वाचकाला काहीही ऐकू येत नाही. आणि नेमक्या याच तीन गोष्टींनी नव्या बँडच्या जाहिराती भरलेल्या असतात, कारण बँडमधल्या मंडळींना त्या तिन्ही जिव्हाळ्याच्या असतात. कागद वाजत नाही. म्हणून पानावरच्या प्रत्येक गोष्टीला मी एकच प्रश्न विचारते: हे पाहून गाणं कसं असेल याचा अंदाज येतो का? येत असेल तर ती गोष्ट राहते. नसेल येत, तर ती लहान होते किंवा जाते.

शब्दांपासून सुरुवात करू, कारण ते दुरुस्त करायला सगळ्यात सोपे. १९८६मध्ये बोस्टनमध्ये पिक्सीज या तेव्हाच्या अगदी नव्या बँडला बेस वाजवणारं कुणी हवं होतं. त्यांनी वृत्तपत्रात छोटी जाहिरात दिली: हुस्कर डू आणि पीटर, पॉल अँड मेरी हे दोन्ही आवडणारा बेसिस्ट हवा. पहिला कानठळ्या बसवणारा पंक बँड, दुसरं गोड सुरावटींचं लोकसंगीत गाणारं त्रिकूट. प्रतिसाद फक्त एक आला, किम डीलचा, आणि पुढे त्या बँडच्या आवाजातला मोठा वाटा तिचा होता. ती सदस्य शोधायची जाहिरात होती, श्रोते शोधायची नव्हे, हे खरं. पण तिचं तंत्र आपल्याला जसंच्या तसं उपयोगी पडतं. त्यात विशेषण एकही नाही. एकमेकांपासून लांबच्या दोन ठोस गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत, आणि त्यांच्या मधल्या जागेत वाचणाऱ्याला आवाज ऐकू येतो.

तुम्ही मात्र दुसऱ्या कलाकारांची नावं छापू नका. पैसे देऊन छापलेल्या जाहिरातीत मोठं नाव आलं की त्या कलाकाराचा तुम्हाला पाठिंबा आहे असा अर्थ निघू शकतो, आणि त्यावरून कायदेशीर पत्र येऊ शकतं. शिवाय तुम्हाला त्याची गरजही नाही. तुमच्याकडे स्वतःचं ठोस काहीतरी आहे, ते वापरा:

‘ट्रम्पेट, बेस, ड्रम आणि एक आवाज. गिटार नाही.’

एवढीच ओळ. ‘गिटार नाही’ या दोन शब्दांवर संगीताचं मासिक वाचणारा माणूस थांबतो, कारण त्याला प्रश्न पडतो: मग हे वाजतं तरी कसं? तुमच्या ‘ताज्या दमाचा, वेगळ्या वाटेवरचा आवाज’ या ओळीने असा प्रश्न पडत नाही. ती ओळ उचलून त्याच अंकातल्या दुसऱ्या कुठल्याही बँडच्या फोटोखाली लावून बघा. चपखल बसते ना? मग ती तुमची नाही. कुठल्याही ओळीला ही कसोटी लावा. वाद्यं, गाण्याची गती, कुठे रेकॉर्ड केलं, एका दमात वाजवलं की थरावर थर चढवले, किती जण गातात, असल्या तपशिलांतून ओळ निघते. ‘अफलातून’, ‘हटके’, ‘मनाला भिडणारं’ यातून नाही. भिडतं की नाही ते ऐकणारा ठरवेल.

आता फोटो. सर्वाधिक वेळ आणि जमेल तेवढे पैसे इथे घाला. पान उलटताना डोळा आधी चित्रावर जातो, त्यातही चेहऱ्यावर. मजकूर वाचायचा की नाही हे तिथेच ठरतं.

चौघे भिंतीला टेकून उभे असलेल्या फोटोतून ‘आम्ही चौघे आहोत’ एवढंच कळतं. असा फोटो रॉक बँडचा असू शकतो, नाटक कंपनीचा असू शकतो, एखाद्या कार्यालयातल्या चमूचाही असू शकतो. चौघे सारख्याच आकाराचे, चौघांची नजर चार दिशांना, त्यामुळे वाचकाचा डोळा कुठेच ठरत नाही. ‘सगळे दिसले पाहिजेत’ हा हट्ट समजण्यासारखा आहे, बँड सगळ्यांचा असतो. पण सगळे दिसायला ईपीच्या आतली पानं आहेत, तुमची वेबसाइट आहे. या पानावर एकच चित्र हवं, आणि ते कानाला काहीतरी सांगणारं हवं.

मी असा फोटो काढून घेईन: गायिकेचा चेहरा बाजूने, एकाच दिव्याच्या उजेडात अर्धा उजळलेला. पुढे, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, ट्रम्पेटचा कर्णा, किंचित अस्पष्ट, पानाच्या कडेतून आत आलेला. तुमचा ट्रम्पेटवादक धातूचा म्यूट (आवाज दबका करणारं बूच) लावून वाजवत असेल तर म्यूट लावलेलाच कर्णा दिसू द्या. ज्यांना वाद्यं कळतात त्यांना तेवढ्यावरून त्या दबक्या, रात्रीच्या सुराची कल्पना येईल, आणि बाकीच्यांना एकच दिवा नि अंधार पुरेसा आहे. ड्रम आणि बेस मागे धूसर दिसले तर चांगलंच, नाही दिसले तरी चालेल.

फोटोग्राफरला आधीच चार गोष्टी सांगा. फोटो उभा हवा. चारही बाजूंना मोकळी जागा सोडून काढायचा, कारण छापताना कडा कापल्या जातात. वरचा साधारण तिसरा हिस्सा रिकामा, अंधारा ठेवायचा, तिथे नाव येणार आहे. आणि गायिकेची नजर ज्या बाजूला असेल, ओळ त्या बाजूला बसणार आहे, कारण वाचणारा तिच्या नजरेमागे जातो. फोटो निघाल्यावर अक्षरांसाठी जागा शोधत बसायचं आणि शेवटी कुणाच्या तरी कपाळावर नाव टाकायचं, हे प्रकार इथेच टळतात. फोटो जाहिरातीत वापरायची परवानगीही त्याच वेळी लेखी घ्या. मैत्रीत, पैसे न घेता काढलेल्या फोटोवर हक्क सहसा फोटोग्राफरचाच असतो, आणि समाजमाध्यमावर टाकायची परवानगी म्हणजे छापील जाहिरातीची परवानगी नव्हे.

कार्यक्रमातले फोटो वापरायचा मोह होईल, म्हणून थोडं त्याबद्दल. स्टेजवरच्या एलईडी दिव्यांचा गडद निळा, जांभळा आणि गुलाबी रंग मोबाइलच्या पडद्यावर झगमगतो, पण चौरंगी छपाईत, म्हणजे सायन (आकाशी निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी या चार शायांच्या छपाईत, तो मिळतच नाही. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने, आणि त्या दिव्यांच्या चमकत्या छटा शाईच्या आवाक्याबाहेर पडतात. छापून येतो तो मळकट जांभळा. असा फोटो वापरायचाच असेल तर कृष्णधवल करा. कमी उजेडात काढलेल्या फोटोतला दाणेदारपणाही मग दोष न वाटता पोत वाटतो. आणि फोटो कुठलाही असो, कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो आक्रसलेला असतो. ए-४ पान ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) छापायचं तर २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, आणि चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापला जाणारा जादा भाग) धरलं की साधारण २५५१ × ३५७९. लहान फोटो ताणून हा आकडा गाठला तर आकडा जुळतो, तपशील येत नाही.

तुमचं पान काळोखं होणार, म्हणजे छपाईचा अवघड भाग तिथेच आहे. संगीताच्या जाहिरातींत सर्वाधिक घोळ काळ्या रंगात होतात, म्हणून इथे जरा खोलात जाते.

नुसत्या काळ्या शाईने भरलेला मोठा भाग कागदावर काळा दिसत नाही, करडा आणि विटका दिसतो. त्यासाठी बाकीच्या तीन शाया थोड्या थोड्या मिसळाव्या लागतात. सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० टक्के हे नेहमीचं चालणारं मिश्रण, बेरीज २४० टक्के. ही बेरीज महत्त्वाची, कारण प्रत्येक कागदाला शाई पिण्याची मर्यादा असते. गुळगुळीत कोटेड कागदावर ती साधारण ३०० ते ३३० टक्के, साध्या कागदावर त्याहून बरीच कमी. मर्यादा ओलांडली की शाई वेळेत वाळत नाही, समोरच्या पानावर तिचे डाग उमटतात आणि सावल्यांमधला सगळा तपशील बुजतो. तुमच्या फोटोत धूसर दिसणारे ड्रम असतील तर ते असेच नाहीसे होतील. मासिकाच्या जाहिरात विभागाकडून तांत्रिक तपशिलाचा कागद मागवा. शाईची मर्यादा, कुठलं कलर प्रोफाइल (त्या छपाईसाठीची रंगांची मांडणी), ब्लीड किती, सगळं त्यात असतं. फोटो त्या प्रोफाइलमध्ये रूपांतरित करून सावल्या किंचित उजळ करा. पडद्यावर थोडं फिकट वाटेल, छापल्यावर बरोबर येईल.

मग त्या काळ्यावरची पांढरी अक्षरं. तिथे पांढरी शाई नसते. चारही शाया जिथे लागलेल्या नाहीत तो कोरा कागद म्हणजे आपलं अक्षर. यंत्रात एखादा रंग केसभर जरी हलला तरी त्या कोऱ्या जागेत रंग शिरतो आणि बारीक रेघा बुजतात. रोमन अक्षरांतही हे होतं, पण देवनागरीत जास्त, कारण आपल्याकडे अनुस्वार, वेलांटीचं टोक, रफार हे सगळे नाजूक भाग आहेत. आठ पॉइंटात पातळ फॉन्ट काळ्यावर असा कोरा सोडला की अनुस्वार गायब होतात. काळ्या पार्श्वभूमीवर मी दहा पॉइंटांच्या खाली जात नाही, आणि फॉन्ट मध्यम किंवा ठळक वजनाचा घेते. याच्या उलट, फिकट जागेवरचा बारीक काळा मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईत ठेवा. फोटोशॉपमध्ये आरजीबीतला (पडद्याच्या रंगपद्धतीतला) काळा छपाईसाठी रूपांतरित केला की तो चारही शायांत वाटला जातो, आणि मग त्या मजकुराला रंगीत सावल्या येतात.

नाव. तुमच्या लेआउटमधलं वळणदार नाव मला दुसऱ्यांदा पाहिल्यावर वाचता आलं. वाचकाकडे दुसरी वेळ नसते. रोलिंग स्टोन्सचं जीभ-ओठांचं चिन्ह जॉन पाश यांनी रेखाटलं, १९७१पासून ते जगासमोर आहे, आणि आज त्याखाली नाव लिहावं लागत नाही. पण ही ओळख तेव्हापासून ते चिन्ह सतत डोळ्यांसमोर राहिल्याने आली आहे. पहिल्याच जाहिरातीत चिन्हाने किंवा नक्षीदार अक्षराने ते काम होत नाही. पहिल्या जाहिरातीत नाव वाचता यायला हवं आणि नंतर शोधता यायला हवं. टोकाच्या मेटल संगीतात न वाचता येणारा काटेरी लोगो ही त्या जगाची ओळखीची खूण आहे, तिथल्या मासिकात तो शोभतो. पण तिथेही मी खाली एकदा साध्या अक्षरांत नाव द्यायला लावते.

नाव देवनागरीत असेल तर अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमन नावं ऐसपैस पसरून ठेवायची फॅशन आहे, त्यांच्या नादाने देवनागरी पसरलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मोठं हवं तर फॉन्ट मोठा करा. दोन ओळींत नाव असेल तर ओळींमध्ये पुरेशी जागा सोडा, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकतात. आणि एक व्यावहारिक गोष्ट: मराठी नाव लोक शोधताना बहुतेकदा रोमन लिपीत टाइप करतात, प्रत्येक जण आपल्या मनाच्या स्पेलिंगने. ॲप्सवर ज्या स्पेलिंगने तुम्ही आहात ते नावाखाली लहान अक्षरांत एकदा छापा. पाच गाण्यांची शीर्षकं छापण्यापेक्षा त्या जागेचा हा उपयोग कितीतरी मोलाचा.

शीर्षकं पाचही काढा. ॲप्सचे लोगोही काढा. प्रत्येक कंपनीचे आपल्या लोगोबद्दल नियम असतात, किती लहान चालेल, भोवती किती जागा हवी, कुठला रंग, ते सगळं पाळलं तर पानाचा तळ त्यांनाच द्यावा लागतो. ‘सगळ्या ॲप्सवर’ हे दोन शब्द पुरतात. समाजमाध्यमांचे लोगोही नकोत. वाचकाला सात दरवाजे दाखवले की तो एकातूनही आत जात नाही. एकच दरवाजा ठेवा, आणि तो म्हणजे क्यूआर कोड.

तो कोड कोपऱ्यात नखाएवढा चालणार नाही. मासिक हातात धरून फोन वर आणला जातो, तेवढ्या अंतराला किमान २ सेंटिमीटर बाजू हवी, मी अडीच देते. पण नुसत्या आकाराने भागत नाही, आतली लिंकही छोटी हवी. पंचवीसेक अक्षरांची लिंक असेल तर कोड २५ × २५ चौकटींत बसतो. मागे किती लोक आले ते मोजणारं शेपूट लावून तीच लिंक दीडशे अक्षरांची झाली तर चौकटी ४९ × ४९ होतात. २ सेंटिमीटरच्या कोडात पहिल्या वेळी एक चौकट ०.८ मिलिमीटरची, दुसऱ्या वेळी जेमतेम ०.४. त्यात छपाईत शाई थोडी पसरली की फोन चाचपडायला लागतो. कोड फक्त काळ्या शाईत, पांढऱ्या चौकोनावर, भोवती किमान चार चौकटींएवढी कोरी जागा. काळ्या पानावर पांढरा कोड उलटा करून टाकायचा मोह टाळा. दिसायला देखणा असतो, पण काही फोन तो वाचत नाहीत. पानाच्या बांधणीकडच्या बाजूलाही कोड ठेवू नका. गोंदाने बांधलेल्या जाड मासिकात आतली कड वळते आणि कोड वाकतो. कुठलाच मजकूर त्या बाजूला १५ मिलिमीटरच्या आत नको.

लिंक तुमच्या स्वतःच्या डोमेनवरची, म्हणजे तुमच्या नावाच्या वेबपत्त्यावरची घ्या. छापलेला कोड बदलता येत नाही, पण तो तुमच्या ज्या पत्त्यावर जातो तिथून पुढे कुठे पाठवायचं ते कधीही बदलता येतं. आज ईपी, सहा महिन्यांनी नवं गाणं. या मासिकासाठी वेगळा पत्ता केला तर किती लोक तिथून आले हेही कळेल, आणि पुढच्या वेळी कुठे जाहिरात द्यायची ते अंदाजाने ठरवावं लागणार नाही. कोड उघडल्यावर थेट गाणं समोर यावं. नाव नोंदवा, ईमेल द्या, खाली सरका, असलं काही मध्ये नको. आणि तिथे दिसणारं ईपीचं मुखपृष्ठ जाहिरातीतल्या चित्राच्या कुळातलं हवं, तोच फोटो किंवा निदान तोच रंग, तीच अक्षरं. अंधारं पान पाहून आलेल्या माणसासमोर पिवळंधमक मुखपृष्ठ उघडलं तर आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं त्याला वाटतं. मुखपृष्ठ चौकोनी असतं आणि पान उभं, म्हणून तेच ताणून पानभर करू नका. मूळ फोटो एकच, त्याची दोन वेगवेगळी कातरणं, असं ठरवून शूटिंग करा.

कोडाच्या शेजारी काय करायचं ते लिहा: ‘पहिलं गाणं ऐका.’ नुसता कोड म्हणजे काय मिळणार ते न सांगता केलेली विनंती.

तारखेबद्दल माझं मत ठाम आहे. जाहिरात ईपी आल्यानंतरच्या अंकात द्या, आधीच्या नको. ओळखीच्या बँडची लोक वाट बघतात. अनोळखी बँडची कुणी बघत नाही, आणि बघावी अशी अपेक्षाही रास्त नाही. ज्या क्षणी कुतूहल वाटलं त्या क्षणी गाणं ऐकायला मिळालं पाहिजे. शिवाय मासिक महिनाभर, कधी त्याहून जास्त काळ लोकांच्या हातात राहतं, आणि उलटून गेलेली तारीख दिसली की जाहिरात शिळी वाटते. अंक आता बदलता येत नसेल तर निदान एक गाणं आधी प्रकाशित करा आणि पानावरून तारीख काढून टाका. मासिकांची साहित्य स्वीकारण्याची शेवटची तारीख अंक बाजारात येण्याच्या कितीतरी आधी असते, ती आजच विचारून घ्या. ईपीची तारीख पुढे सरकणं ही नव्या बँडच्या बाबतीत नेहमीची गोष्ट आहे.

त्याच फोनवर पान कुठलं मिळणार तेही विचारा. उजवं पान, अंकाच्या पहिल्या अर्ध्यात आणि शक्य असेल तर नव्या संगीताच्या परीक्षणांसमोर, असं मागून घ्या. उजवं पान मिळालं तर मासिक चाळताना त्याची बाहेरची कड आधी दिसते, म्हणून नाव उजवीकडे वर. डावं मिळालं तर डावीकडे. पानाचा करार अजून पक्का झाला नसेल तर आणखी एक सुचवते: एका अंकात पूर्ण पान देण्याऐवजी सलग तीन अंकांत छोटी जाहिरात, तोच फोटो, तेच नाव. अनोळखी नाव एकदा मोठं दिसण्यापेक्षा तीनदा दिसलेलं जास्त लक्षात राहतं. करार झाला असेल तर विषय सोडा, पान चांगलं करू.

परीक्षणातली वाक्यं अजून तुमच्याकडे नाहीत, आणि नसली तरी काही बिघडत नाही. मित्राचं कौतुक अवतरणचिन्हांत टाकू नका. पुढे खरं परीक्षण आलं तर प्रकाशनाच्या नावासह एकच वाक्य घ्या, अर्थ बदलेल असं कापू नका.

म्हणजे पानावर उरलं काय? फोटो, नाव आणि त्याखाली रोमन स्पेलिंग, ‘ट्रम्पेट, बेस, ड्रम आणि एक आवाज. गिटार नाही.’, ‘पहिला ईपी, सगळ्या ॲप्सवर’, कोड आणि त्याच्या शेजारची तीन शब्दांची ओळ. फोटो कडेपर्यंत, ब्लीडसकट. नाव वरच्या अंधारात, एवढं मोठं की मासिक जमिनीवर ठेवून उभं राहिल्यावर वाचता यावं. बाकी सगळं खाली, एकाच डाव्या रेषेला धरून. मधे-मधे रिकामा काळोख दिसेल आणि कुणीतरी नक्की म्हणेल की इथे एवढी जागा वाया जातेय. ती भरू नका. तुमची गाणी संथ आहेत, पानही तसंच वाटलं पाहिजे. वेगवान पंक बँड असता तर मी उलट सांगितलं असतं: पान गच्च भरा, अक्षरं वाकडी लावा.

तपासायची सोपी रीत सांगते. साध्या प्रिंटरवर पान खऱ्या आकारात छापा, त्याच मासिकाच्या जुन्या अंकात घाला, आणि बँडची काहीही माहिती नसलेल्या माणसाच्या हातात अंक द्या. चाळू द्या. मग अंक मिटून तीनच गोष्टी विचारा: नाव काय होतं? गाणी कशी असतील? पुढे काय करायला सांगितलं होतं? मधल्या प्रश्नाला ‘संथ’, ‘जॅझसारखी’, ‘रात्रीची’ असं काही आलं तर फोटो आणि ओळ आपलं काम करताहेत. ‘चांगली असतील’ असं आलं तर फोटो बदला. बँडमधल्या कुणाला, घरच्यांना किंवा मित्रांना विचारून उपयोग नाही, त्यांच्या डोक्यात गाणी आधीच वाजत असतात.

फाइल देताना जेपेग देऊ नका, त्यात अक्षरांच्या कडा फुटतात. इनडिझाइन किंवा फुकट मिळणारं स्क्रायबस, अशा पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पान जुळवा आणि मासिकाने सांगितल्याप्रमाणे पीडीएफ-एक्स-१ए किंवा एक्स-४ (छपाईसाठीचे पीडीएफचे प्रकार) करून द्या, फॉन्ट आत बसवलेले. देवनागरी जोडाक्षरं पीडीएफमध्ये फुटली आहेत का ते मोठं करून अक्षर अन् अक्षर तपासा. रंगाचं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मिळत असेल तर मागा, तुमच्यासारख्या काळोख्या पानाला त्याची गरज आहे. त्या प्रूफवरचा कोड दोन-तीन वेगवेगळ्या फोनवरून, दिव्याच्या मंद उजेडात स्कॅन करून बघा.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की चौघांची नावं द्यावीत का. द्या. अगदी तळाला, एका ओळीत, नावापुढे वाद्य, दहा पॉइंटात. फोटोत एकच चेहरा येणार असल्यामुळे बाकी तिघांचा तो हक्क आहे, आणि ट्रम्पेट कोण वाजवतं हे शोधणारा वाचक हमखास निघतो.